ठशाचे शुभेच्छापत्र

श्रावणातल्या अमावास्येला पोळा येतो. आदल्या सायंकाळी बैलांची खांदमळणी होते. दुसऱ्या दिवशी त्यांना पाण्यावर नेऊन धुतात, शिंगे रंगवितात, झुली बाहेर काढतात. परंतु घरातील मुलांचे लक्ष या साऱ्यापेक्षा गेरूच्या परातीकडे अधिक असते. कोणी त्या गेरूत वाटीची कड बुडवितो, कोणी अर्धा चिरलेला कांदा, तर कोणी सरळ आपला तळहातच; आणि मग बैलाच्या पांढऱ्याशुभ्र अंगावर गोल, फुले आणि पंजे उमटू लागतात. बैलाने मध्येच कातडी थरथरविली, की फुलाची पाकळी लांबते. तेवढ्यानेही मुले खूश होतात.

बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ आहे. या भागातील ज्या मुलाने वा मुलीने पोळ्याला बैल रंगविला आहे, त्याला छपाईच्या कलेतील पहिले तत्त्व निराळे शिकवावयास नको. जो भाग उंच असतो तो रंग घेतो. जो खोल असतो तो कोरा राहतो. वाटीची कड तेवढी उंच, म्हणून बैलाच्या अंगावर कडे उमटते, थाळी उमटत नाही. ठशाची सारी विद्या एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

आपल्या घरात ठसे पुष्कळ असतात. आपले तिकडे लक्ष जात नाही इतकेच. दारापुढे रांगोळी काढण्यासाठी छिद्रे पाडलेले छाप मिळतात. गोधडीच्या आणि साडीच्या कापडावरील वेलबुट्टी पूर्वी लाकडी ठशांनी उठवीत, आजही काही ठिकाणी उठवितात. मंगल कार्याच्या वेळी भिंतीवर कुंकवाचे हात उमटवितात, तोही ठसाच. आणि राज्यकारभारात तर ठशाला केवढा मान! शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर त्यांचा शिक्का असे आणि मजकूर संपला म्हणजे शेवटी मोर्तब होत असे. मोर्तब झाले, की पत्र पुरे झाले. त्याखाली दुसऱ्या कोणी ओळ वाढवू नये, असा त्याचा अर्थ. आपण आजही एखादी गोष्ट कायम ठरली, की तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले असे म्हणतो, तो शब्द या दोन ठशांतून आला आहे.

त्यानंतर काळ बदलला आणि ठसा रबराचा झाला. ग्रामपंचायतीत दाखला आणावयास गेले म्हणजे टेबलावर शाईची चौकोनी डबी आणि तिच्याशेजारी मुठीचे दोन-चार रबरी शिक्के दिसतात. हा शिक्का पडला नाही तर दाखल्याला किंमत नाही. त्यामुळे रबरी शिक्का म्हटला, की आपल्याला कचेरीच आठवते. पण त्याच रबराने दिवाळीची पणती उमटविता येते आणि संक्रांतीचे सुगडही. ते कसे, हेच या पाठात पाहावयाचे आहे.

रबराची हकिकत थोडक्यात सांगतो. रबराच्या झाडाचा वाळलेला चीक कागदावर घासला असता पेन्सिलीची रेघ पुसली जाते, ही गोष्ट इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने १७७० साली लिहून ठेविली. परंतु ते कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडकून जाई. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला असे आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापविले म्हणजे ते टिकाऊ व लवचीक होते. पुढे अमेरिकेत रबरी शिक्के तयार होऊ लागले. धातूचा वा लाकडाचा ठसा कठीण असतो. कागद थोडा उंचसखल असला, की त्याची छाप मध्येच तुटते. रबर मात्र दाबले असता किंचित बसते आणि कागदाच्या बारीक खाचांतही शाई पोचविते. त्याचा हा नरमपणाच येथे कामाला येतो.

आता शुभेच्छापत्राकडे वळू. इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीत पत्र कोठेही पोचविण्याची पद्धत सुरू झाली आणि लोक एकमेकांस भरमसाट पत्रे लिहू लागले. त्या पद्धतीसाठी खटपट करणाऱ्यांपैकी हेन्री कोल हे एक गृहस्थ. नाताळात त्यांच्याकडे इतकी पत्रे येऊन पडली, की सर्वांस उत्तरे लिहिणे त्यांना अशक्य झाले. तेव्हा १८४३ साली त्यांनी हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापविल्या, आणि खाली नुसते नाव घालून त्या पाठविल्या. नाताळाचे पहिले छापील कार्ड ते हेच. यातील गंमत तुमच्या ध्यानात आली का? छापील शुभेच्छापत्र जन्मास आले ते लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून! आपण जे करणार आहोत ते याच्या अगदी उलट आहे. त्यात श्रम वाचत नाहीत, वाढतात.

आपल्या देशात १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व देशभर सारख्या दराची टपालव्यवस्था सुरू झाली. पाव तोळा वजनाचे पत्र, मग ते कितीही दूर जावयाचे असो, अर्ध्या आण्यात जाऊ लागले. जुलै १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले, त्याची किंमत अवघी पाव आणा. गरिबाच्या घरचे सुखदुःख त्या कार्डावरून गावोगाव फिरू लागले. महाराष्ट्रात सणाच्या पत्रांत दिवाळीच्या जोडीने संक्रांतीच्या पत्राने मान मिळविला. रंगीत छापील कार्ड, त्यावर पतंग वा हलव्याची वाटी, आणि पाकिटात कागदाच्या इवल्याशा पुडीत चार दाणे काटेरी हलव्याचे. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे तोंडाने म्हणता येत नसे इतक्या लांब असलेल्या माणसाला ते टपालाने म्हणावयाचे. वाटेत टपालाच्या शिक्क्याचा घाव नेमका पुडीवर बसला, तर हलव्याचे पीठ होऊन पोचे. तेही लोक आवडीने तोंडात टाकीत. पाकीट न चिकटविता त्यावर ‘बुक पोस्ट’ असे लिहिले, की टपालहशील कमी पडे. म्हणून बहुतेक कार्डे उघडीच जात, आणि तरी त्यांतील दाणे वाटेत कोणी खाल्ल्याची तक्रार फारशी कोणी केली नाही.

तारेनेही शुभेच्छा पाठवीत. तार कचेरीत ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले होते. तुम्ही आकडा सांगावा आणि पलीकडच्या माणसाला पूर्ण वाक्य मिळावे. ती तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. आता सणाच्या पहाटे दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर शंभर-दीडशे संदेश येऊन पडतात. ते वेगाने येतात, फुकट येतात, आणि दूरदेशी असलेल्या माणसाला त्याच क्षणी भेटतात. हा त्यांचा गुण नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांतील बहुतेक संदेश दुसऱ्याने केलेले, तिसऱ्याने पाठविलेले आणि चौथ्याने न वाचताच पुढे ढकललेले असतात. ज्याला तो संदेश आला त्याचे नाव त्यात कोठेच नसते. घरातील आजोबा दूरध्वनीचा पडदा डोळ्यांजवळ नेऊन चित्र पाहतात, आणि विचारतात, “हे कोणी धाडलं?” त्यांस नाव सांगितले तरी त्यांचे समाधान होत नाही, कारण त्यांना हवे असते ते अक्षर.

तर आता प्रत्यक्ष कामास लागू.

प्रथम कागद. कागद जाड हवा. पातळ कागदावर शाई पसरते आणि कार्ड उभे राहत नाही. विकत आणण्याची गरज नाही. लग्नसराई संपली, की प्रत्येक घरात लग्नपत्रिकांची चळत साचलेली असते. त्यांची एक बाजू पुष्कळदा कोरी असते आणि कागद चांगला असतो. तेवढी कोरी बाजू कापून घ्यावी. कोणाला खास कागद हवाच असेल, तर हातकागद घ्यावा. धाडहून छत्रपती संभाजीनगरकडे गेले, की पुढे दौलताबाद आणि वेरूळ यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी येथे कागदाचा धंदा मांडला, असे सांगतात. गावाचे नावच कागदावरून पडले आहे. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. म्हणजे आपल्या शेतातल्या बोंडातून निघालेला कापूस अंगावरचे कापड होऊन, झिजून, शेवटी कागदही होऊ शकतो.

यंत्राने केलेल्या कागदात तंतू एका दिशेने निजलेले असतात. कार्ड दुमडण्यापूर्वी ती दिशा ओळखावी. कागद एकदा आडवा आणि एकदा उभा हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या बाजूने घडी घाला. उलट बाजूने घातली तर घडीवर कागद फुटतो आणि पांढरे तंतू वर येतात. घडी घालावयाच्या रेषेवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या पेनाचे टोक एकदा दाबून फिरवावे, म्हणजे घडी सरळ बसते. आणि कार्ड कापण्याआधी पाकीट हाती असू द्या. पुष्कळ जण मोठ्या हौसेने कार्ड करतात आणि मग ते मावेल असे पाकीट शोधीत गावभर हिंडतात.

आता ठसा. अगदी सोपा ठसा म्हणजे भेंडी. देठाकडून एक बोट अंतरावर ती आडवी कापा; बहुधा पाच कोनांचे फूल तयार मिळते. कापलेला भाग घटकाभर फडक्यावर पालथा ठेवून त्यातील चिकट पाणी निपटू द्यावे, नाहीतर रंग घसरतो. कांद्याच्या कापाने एकात एक वर्तुळे उमटतात. पेन्सिलीच्या मागील टोकाला रबर असेल, तर त्याने ठिपके देता येतात, आणि संक्रांतीच्या कार्डावर तेच तीळ. बटाटा मधोमध कापून त्याच्या सपाट बाजूवर हवी ती आकृती कोरता येते. कडा जरा ओबडधोबड ठेवून एक मोठे वर्तुळ उठविले आणि त्याच्या पोटात निळा रंग भरला, की लोणारचे सरोवर होते. आपल्या जिल्ह्यातले हे सरोवर उल्का आदळून काळ्या खडकात पडलेल्या खळग्यात आहे. त्याच्या काठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. एवढा मोठा खळगा एका बटाट्यात मावतो! परंतु बटाट्याचा ठसा दुसऱ्या दिवशी सुकून आकसतो. जो ठसा वर्षानुवर्षे ठेवावयाचा, तो रबराचाच केला पाहिजे.

यासाठी मोठे खोडरबर घ्यावे. हल्ली दुकानात मिळणारी कित्येक खोडरबरे झाडाच्या चिकाची नसतात, प्लॅस्टिकची असतात. पण ती लोण्यासारखी साफ कापली जातात, म्हणून या कामास उत्तमच. सायकलची फुटकी ट्यूब, झिजलेल्या चपलेचा रबरी तळ यांचाही उपयोग होतो. ट्यूबमधून कात्रीने आकृती कापावी आणि लाकडाच्या ठोकळ्यावर डिंकाने घट्ट चिकटवावी. यात कोरण्याचे काम नाही, म्हणून लहान मुलांनी हाच प्रकार करावा.

ठशावर चित्र उलटे असावे लागते, आणि येथेच नवखा मनुष्य फसतो. पणतीचे चित्र दोन्ही बाजूंनी सारखे असते, ते कसेही कोरले तरी चालते. अक्षराचे तसे नाही. यावर उपाय सोपा आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र वा अक्षर सरळ काढा. तो कागद खोडरबरावर पालथा घालून वरून नखाने घासा. पेन्सिलीचा शिसा रबरावर उतरतो आणि तो आपोआपच उलटा उतरतो. आरशाची गरज पडत नाही. आपल्या वर्णमालेत कानामात्रेने अक्षरे एकीकडे झुकलेली असतात. पण ‘ठ’ पाहा. वर रेघ, मध्ये दांडी, खाली गोल. ते उलटे केले तरी ‘ठ’च राहते. ‘ठसा’ या शब्दाचे पहिलेच अक्षर असे असावे, याची मला मोठी मौज वाटते. तरीही संपूर्ण वाक्य कोरण्याच्या भरीस पडू नये. चित्र ठशाने करावे आणि शब्द हाताने लिहावेत. शब्दही ठशाचेच झाले, तर आपण फिरून हेन्री कोल यांच्या वाटेला गेलो.

कोरताना दाढीचे अर्धे पाते हातात धरू नये; ते वाकते आणि बोटात शिरते. मोडक्या छत्रीची काडी पन्हळीसारखी पोकळ असते. तिचा बोटभर तुकडा मोठ्या माणसाकडून तोडून घ्यावा, त्याचे टोक दगडावर घासून त्याला धार आणावी, आणि दुसरे टोक लाकडी मुठीत बसवावे. झाली कोरणी! कोरणी नेहमी आपल्यापासून दूर ढकलावी, आणि रबर धरणारा हात तिच्या मागे असावा, पुढे कधीही असू नये. जी रेघ उमटवावयाची ती तशीच ठेवून तिच्या आजूबाजूचे रबर काढावयाचे असते. रेघेच्या कडा बाहेर उतरत्या ठेवा, शेताच्या बांधासारख्या. तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद. कडा आतून पोखरली, तर ठसा दाबताच रेघ मुरगळते आणि चार कार्डांत तुटून पडते.

शाईसाठी बाजारची गादी चालेल. घरी करावयाची असेल, तर पसरट डबीत सुती फडक्याच्या चार-पाच घड्या ठेवून त्यांवर रंग ओतावा. रंगात दोन थेंब ग्लिसरीन घातले, की गादी लवकर वाळत नाही. घरातले रंगही वापरता येतात. गेरू उत्तम, तो कधी विटत नाही. हळदीचा पिवळा रंग दिसतो सुरेख, पण उन्हात उडून जातो. हळदीचा एक खेळ मात्र करून पाहण्यासारखा आहे. कागदावर हळदीचे पाणी फिरवून तो वाळू द्या. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठसा बुडवून त्यावर दाबा. पिवळ्या कागदावर तांबडे चित्र उमटेल. हळद क्षाराच्या संगतीत तांबडी होते. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणामुळे.

ठसा रंगात बुचकळू नये. गादीवर दोन-तीनदा हलकेच टेकवावा. कार्डाखाली वर्तमानपत्राची जाड घडी घ्यावी, म्हणजे दाब सर्वत्र सारखा पडतो. ठसा सरळ खाली न्यावा, दाबावा, आणि सरळ वर उचलावा. डोलवू नये. पहिली छाप नेहमी रद्दी कागदावर घ्यावी. एकदा शाई लावून लागोपाठ दोन-तीन छापा घेतल्या, तर प्रत्येक पुढची छाप फिकी येते. हा दोष समजू नका. बगळ्याचा ठसा घ्या. पहिली छाप जवळ, दुसरी थोडी वर, तिसरी त्याहून वर. फिके होत गेलेले बगळे दूर उडत चालल्यासारखे दिसतील.

आणखी एक युक्ती सांगितल्यावाचून राहवत नाही. एक पणती उमटवा. तीच पणती दुसऱ्या कागदावर उमटवून कात्रीने कापून घ्या आणि तो तुकडा पहिल्या पणतीवर नेमका ठेवा. आता थोड्या अंतरावर, त्या तुकड्यावर अर्धी येईल अशी, दुसरी छाप मारा. तुकडा उचला. दुसरी पणती पहिलीच्या मागे जाऊन उभी राहिलेली दिसेल! याप्रमाणे एकाच ठशाने पणत्यांची ओळ, सुगडांची उतरंड, गर्दीतील माणसे, काय वाटेल ते करता येते.

दसऱ्याचे कार्ड करावयाचे असेल, तर ठसा कोरावाच लागत नाही. आपट्याचे पान हाच ठसा आहे. पानाच्या मागील बाजूला शिरा उठून दिसतात. त्या बाजूस पिवळा रंग लावून पान कार्डावर ठेवा, वर कागद घालून बोटाने घासा. दोन पाकळ्यांचे सोनेरी पान शिरांसकट उमटते. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणतात, दुसऱ्या दिवशी त्यांचा कचरा होतो, आणि माळावरची झाडे वर्षावर्षाला विरळ होत जातात. कित्येक ठिकाणी आपटा मिळत नाही म्हणून त्याच्या कुळातील कांचनाची मोठी पाने विकतात आणि लोक तीच सोने समजून घेतात. एका पानाने वीस-पंचवीस कार्डे होतात. वर्गातील सर्वांनी मिळून दोन पाने आणली, तरी साऱ्या गावाला सोने वाटून होईल आणि झाडाला कळणारही नाही.

कार्ड सणाचेच हवे असा नियम नाही. मृग लागला, पेरणी झाली, बांधावर पहिला अंकुर दिसला, तर त्याचेही कार्ड करावे. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या काकांना दिवाळीच्या दहा पणत्यांपेक्षा त्या दोन हिरव्या पानांचे मोल अधिक वाटेल. संक्रांतीच्या कार्डावर तर आपल्या शेतातील वस्तूच येऊन बसतात. हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरे, उसाचे पेर हे सारे सुगडात असतेच. १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे जिजाऊंचा जन्मोत्सव होतो आणि दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनी, संक्रांत येते. तेव्हा या आठवड्यात आपल्या जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्या पत्राला चित्राचा तोटा नाही.

आता आत काय लिहावयाचे? येथे बहुतेकांची लेखणी अडते आणि मग ‘सुखाचे, समृद्धीचे, भरभराटीचे’ असे कोणाचेही कोणालाही चालणारे वाक्य लिहिले जाते. ते लिहू नका असे मी म्हणत नाही. पण त्याखाली दोन ओळी अशा लिहा, की ज्या दुसऱ्या कोणाच्या पत्रात असूच शकणार नाहीत. ‘तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. विहिरीला यंदा पाणी टिकून आहे. कपिलेला कालवड झाली. तुम्ही लावलेल्या लिंबाला पहिला बहर आला आहे.’ एवढे पुरे. आत्या ते पत्र उशाखाली ठेवील.

आणि एक कार्ड अवघड माणसाला लिहावे. समजा, दोन भावांची वाटणी झाली, बांधावरून शब्दाला शब्द लागला, आणि येणेजाणे तुटले. मोठ्यांच्या भांडणात मुलांचेही बोलणे बंद होते. कालपर्यंत एका ताटात जेवणारी चुलत भावंडे शाळेच्या वाटेवर मान वळवून चालू लागतात. संक्रांतीला गोड बोला म्हणण्याची चाल आपल्या पूर्वजांनी पाडली, ती जे नित्य गोड बोलतात त्यांच्यासाठी खास नव्हे. पण समोर जाऊन तिळगूळ हातावर ठेवण्याचे धैर्य सर्वांना होत नाही. हात पुढे केला आणि समोरच्याने घेतला नाही तर? कार्डाला ते भय नसते. ते दारातून आत जाते, कोनाड्यात बसते, आणि वाचणाऱ्याला हवा तेवढा वेळ देते. उत्तर येईल असे नाही. चुलत भावाच्या हातचे चित्र ओळखून कोणी ते फाडूनही टाकील. तरी ते पाठवावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर झेकोस्लोव्हाकियातील रुडोल्फो या लहानशा गावाला संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडून मदत पोचली. त्याबद्दल आभार म्हणून तेथील सात वर्षांच्या एका मुलीने चित्र काढले. गावात कागद मिळत नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगविले. सूर्यप्रकाशात खांबाभोवती नाचणाऱ्या मुली असे ते चित्र होते. १९४९ साली त्याचेच कार्ड छापण्यात आले, आणि तेव्हापासून अशा कार्डांच्या विक्रीतून जगातील मुलांसाठी पैसा उभा राहू लागला. त्या मुलीजवळ कागदसुद्धा नव्हता. आपल्याजवळ निदान लग्नपत्रिका तरी आहेत.

शेवटचे काम पत्त्याचे. दूरध्वनीवर नाव दाबले, की संदेश जातो. कार्डाला पत्ता लागतो, आणि आपल्या मामाचा पूर्ण पत्ता आपल्याला येत नाही, हे अशा वेळी कळते. घरात विचारावा, वहीत उतरून ठेवावा. पत्त्याच्या शेवटी सहा आकड्यांचा पिनकोड घालण्यास विसरू नये. ही पद्धत टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार लेखक श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिली व ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रे निवडण्याचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या टपाल कचेरीपर्यंत नेतात. बुलढाणा शहराचा पिनकोड ४४३००१ आहे. यातील पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या विभागाचा. नऊने सुरू होणारे आकडे सैन्याच्या टपालाचे. जवानाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते. तो कोठे तैनात आहे हे गुप्त राहावे म्हणून त्याचे नाव, क्रमांक, पलटण आणि ‘द्वारा ५६ ए. पी. ओ.’ किंवा ‘द्वारा ९९ ए. पी. ओ.’ एवढेच लिहावयाचे. आपण ते कार्ड धाडच्या पेटीत टाकतो. ते बर्फात जाते की वाळवंटात, हे आपल्याला कधीच कळत नाही.

पाकिटात हलव्याचे दाणे घालावयाचे असतील, तर ते पुडीत एका थरात पसरावे आणि पुडी तिकिटापासून दूरच्या खालच्या कोपऱ्यात ठेवावी. कारण तिकिटावर टपाल कचेरीतील माणूस एक ठसा मारणार आहे. त्यात गावाचे नाव आणि त्या दिवसाची तारीख असते. आपल्या कार्डावरील सगळे ठसे आपण हलक्या हाताने मारलेले असतात. हा मात्र जोरात बसतो.